खालच्या थरातली एक बाई

एवढी शिकलेली मुलगी, पण प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसायला काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. गोदाबाईची तक्रार एवढीच होती, आणि सकाळपासून ती जो हाताला लागेल त्याला ऐकवत होती. सुनेला ऐकवून झाली. अंगणात कोकमं फोडत बसलेल्या हौसाला दोनदा ऐकवून झाली. गिरणीचा संप झाल्यापासून मुंबई सोडून घरी आलेल्या आणि ओटीवरचा खांब पाठीनं झिजवणाऱ्या मुलाला, सदूला, ऐकवायला गेली तर तो म्हणाला, "आये, ही तक्रार हाय का कौतुक? कालपास्नं त्या पोरीशिवाय दुसरं नाव नाय तुझ्या तोंडात." त्यावर ती खेकसली, "तू आधी तो खांब सोड, घर पडेल माझं," पण खेकसताना हसू फुटत होतं ते तिनं पदरात दाबलं. छातीत कालपासून काहीतरी चाललं होतं. टोपलीखाली कोंबडी झाकावी आणि तिनं आतून टोपलीच उचलू बघावी, तसं. कोकमाच्या रसात मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून तिनं पुन्हा मूठभर घातलं, बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातचा रस खारट झाला होता, आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही. वय साठीला टेकलेलं. चिऱ्याच्या घराची आणि उतारावरच्या कलमांची ती मालकीण. सुना तिच्या पावलांच्या आवाजानं कामाला लागायच्या. आणि आज ती लग्न ठरलेल्या पोरीसारखी विहिरीवर उगाच खेपा घालत होती.

मुलीचं नाव विमला. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून आली होती. सगळ्या थरांतल्या बायकांशी बोलायचं आणि त्यांचं आयुष्य कसं गेलं ते लिहायचं, असं तिचं काम. गोदाबाईला थर ठाऊक होते ते आंब्याच्या पेटीतले: गवत, आंबे, गवत, आंबे, वर ठेवणीतले, तळाला जरा डागाळलेले. बायकांचे थर कसे लावतात ते तिला कळलं नव्हतं, पण न कळलेलं विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. मुलगी आली ती खरं तर हौसासाठी. विटकं सुती पातळ, हातात बांगडी नाही, कानात काही नाही, खांद्याला झोळी. गोदाबाईला वाटलं, गरिबाची दिसते. तिनं तिला बाकावर बसवलं, गूळपाणी दिलं. हौसा खाली कोकमांपाशी. "हौसाबाई, मजुरी पुरते का तुम्हाला?" मुलीनं विचारलं. "न पुरायला काय झालं?" गोदाबाई म्हणाली, "दुपारचं जेवण माझ्याकडे, सणाला लुगडं माझ्याकडे." "मुलं किती?" "चार झाली, दोन जगली," तेही गोदाबाईनंच सांगितलं. "कधी वाटतं का, हे काम सोडून..." "सोडून जाते कुठं? बाहेर कोण उभी करतोय तिला?" हौसा हसत राहिली. तिची बोटं मनगटापर्यंत कोकमानं लाल झालेली, आणि ती बोटं थांबली नाहीत. गोदाबाईला यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या अंगणातलं माणूस. त्याचं आपण नाही सांगायचं तर कुणी? गोठ्यातल्या म्हशीचंही तीच सांगायची, आणि म्हशीनं कधी हरकत घेतली नव्हती.

मग ती मुलगी बाकावर जरा सरकली आणि गोदाबाईकडे बघून म्हणाली, "आणि मावशी, तुम्ही? तुम्ही कधी निव्वळ स्वतःच्या मनानं काही केलंत?" गोदाबाई म्हणणार होती की इथे पानसुद्धा माझ्या मनाशिवाय हलत नाही. तोंडाशी आलंही होतं. पण निघालं ते दुसरंच. "एकदा," ती म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिला घाम फुटला. आजवर तिची चौकशी कुणी केली नव्हती असं नाही. सोनं किती, मुलगे किती, कुठं दुखतं, पाळी कधी गेली; चौकशा उदंड झाल्या. पण हा प्रश्न म्हणजे बंद खोलीचं दार कुणीतरी बाहेरून ढकलावं आणि आत आपणच बसलेलं असावं, तसा होता. ती एकदाची गोष्ट म्हणजे बोटीची. स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या उन्हाळ्यातली. लग्न होऊन थोडे दिवस झालेले, पदरात अजून पोर नव्हतं, नवरा मुंबईला गिरणीत. सासूनं त्याच्यासाठी तांदळाची पिठी, सुकट, आमसुलं असं गाठोडं बांधलं आणि गोदेला बंदरावर पाठवलं. वाडीतला काशीराम मुंबईला निघाला होता, त्याच्या हाती द्यायचं. बोट काही धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. काशीराम आधीच वर चढलेला. तेव्हा गोदाही पडावात बसली, हलणाऱ्या शिडीनं वर गेली, गाठोडं त्याच्या हवाली केलं. खालून पडाववाले ओरडत होते, "पोचवणारे उतरा! पोचवणारे उतरा!" सगळे पोचवणारे उतरले. गोदा उतरली नाही.

"मुद्दाम?" मुलीनं विचारलं. "मुद्दाम." हा शब्द तिनं चाळीस वर्षांत कुणापाशी उच्चारला नव्हता. घरी सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की बोट सुटली आणि बिचारीला उतरायला मिळालं नाही. सासू हेच मानून गेली. नवरा हेच मानून गेला, आणि जाईपर्यंत दर शिमग्याला चारचौघांत सांगून हसत राहिला, "आमची गोदी गाठोड्याबरोबर पार्सल झाली." ती तोंडात पदर कोंबून तिथेच उभी असायची. असल्या वेंधळेपणाची थट्टा तिच्यासारखीनं जन्मभर सोसली, कारण थट्टेच्या खाली जे होतं ते तिला द्यायचं नव्हतं. आणि काल ते तिनं या सुती पातळवालीला दिलं. पुरतं नाही, नुसती सुरुवात. कारण मुलगी म्हणाली, "का?" आणि गोदाबाईनं श्वास घेतला, आता आलंच होतं, जिभेच्या टोकावर, मिठाच्या चवीसकट, तोच मुलगी मायेनं पुढे वाकून म्हणाली, "सासूचा जाच होता का?" आलेलं सगळं माघारी फिरलं. "जाच कुणाला नसतो?" ती म्हणाली. मुलीनं ते लिहून घेतलं, परत कुठून आलात तेही विचारून लिहिलं, घड्याळ बघितलं, उद्या-परवा येते म्हणाली आणि गेली. तेव्हापासून ती कोंबडी टोपली उचलत होती. येईल तेव्हा तिला आधी गप्प बसवायचं, आणि मग सांगायचं. का, ते. कुठून सुरुवात करायची हेही गोदाबाईनं ठरवून टाकलं होतं.

दुपार कलल्यावर ती डॉक्टरीणबाईंकडे निघाली. दर मे महिन्यात त्यांच्याकडची आमसुलं तिचीच असत, आणि ती पोचवायला ती स्वतः जात असे. मुलाच्या हाती पाठवली तर भाव पडतो, हे तिचं ठाम मत. हौसाच्या डोक्यावर टोपली, पुढे गोदाबाई. मारुती मंदिराकडून चढ चढताना एरवी ती दोनदा थांबायची, आज थांबली नाही. रस्ता तापलेला, रिक्षा धुरळा उडवत अंगावरून जात होत्या, आणि तिच्या तळव्यांना मात्र दुसरंच काही लागत होतं. थरथर. बोटीच्या पोटातलं इंजिन सुरू झालं तेव्हा लोखंडी जमीन अशीच थरथरली होती, आणि ती थरथर तळव्यातून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून मांड्यांत, वर वर, पार दातांपर्यंत चढली होती. तेलाचा, रंगाचा, कुणाच्या तरी ओकारीचा वास. भोंगा वाजला तेव्हा तिनं किंकाळी फोडली होती आणि कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. कुणीच बघत नव्हतं! कुणाची सून, कुठली वाडी, पदर कुठे, काही काही नाही. काशीराम कपाळाला हात लावून बसला होता, "आता तुझ्या सासूला मी काय सांगू गो?" आणि ती कठडा धरून उभी. कारण तिला बघायचं होतं. घर. समुद्रातून आपलं घर कसं दिसतं ते. रोज सकाळी अंगण सारवताना ती त्या पाण्यावरून जाणारी शिडं बघायची आणि तिच्या मनात यायचं, त्यांना आपण दिसतो काय? एवढंच. यात जाच कुठून आला? किल्ला फिरला, भगवतीचं देऊळ फिरलं, दीपगृह फिरलं, सगळा डोंगर कुणीतरी ताटासारखा फिरवत होतं, आणि ती डोळे ताणताणून शोधत होती. माड, माड, छपरं, माड. सापडेना. आपलं घर जगात नाहीच की काय, असं वाटून ती कठड्यावरून आणखी पुढे वाकली. आणि मग उतारावर एक लाल ठिपका दिसला. सकाळी तिनंच चटईवर वाळत घातलेली आमसुलं. तिच्या हातची. त्या ठिपक्याएवढ्या जागेत तिची सासू, तिची चूल, विहीर, रडणं, झोपणं, सगळं मावलं होतं, आणि ती बाहेर उभी राहून ते बघत होती. ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. असं सुख तिला पुढे ना पहिल्या मुलाच्या वेळी झालं ना चिऱ्याचं घर बांधलं तेव्हा. मग पुढच्या बंदराला, जयगडला, ती आपल्या पायांनी उतरली. तिथल्या कमाल नाखवाच्या बायकोनं, जन्नतनं, तिला तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं, काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कमालनं आपल्या शिडाच्या मचव्यातून आणून घरी सोडताना सासूला गंभीर तोंडानं सांगितलं, "बोट सुटली, माय. पोरीचा काय दोष?" पाठ वळताना त्यानं गोदेकडे बघून मिशीत हसल्याचं फक्त तिलाच दिसलं होतं.

डॉक्टरांच्या बंगल्याचं पुढचं फाटक पुढच्या माणसांसाठी. गोदाबाई नेहमीप्रमाणे बाजूनं वळून मागच्या पडवीत गेली. मोलकरीण घरात नव्हती, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि दिवाणखान्यातलं बोलणं सरळ इथवर येत होतं. आवाज ओळखीचा. गोदाबाईच्या छातीतल्या कोंबडीनं उडीच मारली. ती! दाराच्या चौकटीतून बघितलं तर विमलाच. पण इस्तरीची साडी, कानात मोत्याच्या कुड्या, मनगटावर काकण. म्हणजे आमच्याकडे येताना हे सगळं काढून ठेवलं होतं. समोर डॉक्टरीणबाई, मधे चहाची किटली, कोपऱ्यात नवा टीव्ही जाळीच्या रुमालाखाली. "मॅडम, तुम्हाला आत्ता वेळ आहे ना? नाहीतर मी पुन्हा फोन करून येते," मुलगी म्हणत होती. "हे मी लिहिलं तर चालेल ना? एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर अजिबात देऊ नका. आणि नंतर वाटलं, की हे नको होतं, तर मी काढून टाकीन." मऊ, मऊ आवाज, लोणी लावल्यासारखा. गोदाबाई ऐकतच राहिली. असंही विचारता येत होतं तर! मग काल काय झालं होतं? काल तर ती बाकावर बसली, पाणी प्यायली, आणि सरळ हात घातला. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "माझं काय गं, आमच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नसतं." आणि गप्प झाल्या. चमचा बशीवर वाजला. मुलगी थोडा वेळ थांबली. इथे तिला थांबता येत होतं! मग हळूच म्हणाली, "असं प्रत्येकीलाच वाटतं, मॅडम. कालच खालच्या थरातल्या एक बाई भेटल्या. सासूच्या जाचाला कंटाळून एकदा मुंबईच्या बोटीतून पळून निघाल्या होत्या. पुढच्या बंदरावरून परत आणलं त्यांना. इतक्या वर्षांत त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या." "अगं बाई!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बिचारी. या लोकांत सासुरवास फार असतो." आणि त्या पुढे सरकून बसल्या. आवाज खाली गेला. "आता तू म्हणतेस म्हणून सांगते हो..."

गोदाबाईचे कान पेटले. खालच्या थरातली. कोण? ती? जिच्या हाताखाली माणसं राबतात ती? पळून गेली, परत आणली, बिचारी. एकेक शब्द असा, की कुणीतरी तिचं लुगडं नेसून तिच्यासमोरून मिरवत जावं आणि वर ते उलटं नेसलेलं असावं. आणि ते नेऊन दिलं कशासाठी, तर या बाईची जीभ सैल व्हावी म्हणून; चहाबरोबर चकली पुढे करावी तसं. ती मागच्या पडवीत उभी होती. ते तिच्या आत्ता ध्यानात आलं, की ती उभी आहे. या दाराशी ती वर्षानुवर्षं उभीच राहत आली होती. शेजारी हौसा टोपली उतरवून भिंतीला टेकली होती. तिनंही सगळं ऐकलं होतं. "वयनी," हौसा कुजबुजली, "ता तुमचाच सांगत्ये न्हवं? बोटीचा?" गोदाबाईनं हातानंच तिला थोपवलं. "पन तुमी आपनहून बसलात म्हनाला व्हतात काल. मी आयकला." "तुला कुणी विचारलं?" "मला कोन इचारनार," हौसा पदरानं मान पुसत शांतपणे म्हणाली. "माजा तुमी सांगितलात, तुमचा तिनं सांगितला. कुनीतरी सांगितल्याशी कारन." आणि हसली, कोकमं फोडताना हसायची तसंच. काल ज्या हसण्यात गोदाबाईला काही दिसलं नव्हतं, त्यात आज काय काय दिसलं ते तिला बघवेना. तिनं तोंड फिरवलं. आत डॉक्टरीणबाई काहीतरी सांगत होत्या. गोदाबाईच्या तळव्यांखाली पडवीची फरशी थरथरू लागली, आणि कुणीतरी ओरडत होतं, उतरा, उतरा. आता घरी जावं हे शहाणपणाचं. आमसुलं ठेवावी, पैसे मागाहून न्यावे. बोललं तर हे गिऱ्हाईक गेलं. बोललं तर उद्या वाडीभर होईल की बोट सुटली नव्हती. सदू ऐकेल, सुना ऐकतील, मेलेल्या नवऱ्याची शिमग्यातली थट्टा खोटी पडेल आणि थट्टेच्या जागी काय येईल देव जाणे. म्हातारी पळपुटी होती, म्हणतील. नाहीतर तेही नाही, बिचारी म्हणतील. बिचारी! कोंबडीनं टोपली उडवली.

स्वयंपाकघर ओलांडून ती आत गेली. आत जायचं कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नुसती चालत गेली आणि डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या कोचावर बसली. कोच इतका मऊ की ती खाली खाली गेली आणि पाय अधांतरी झाले. तिनं कडेला सरकून पाठ ताठ केली. "गोदाबाई? तुम्ही इथे कशा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विमलाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. "वैनी, तुमची आमसुलं मागे आहेत," गोदाबाई म्हणाली, "आणि ती बोटीतली बाई इथे आहे. मीच ती." "तुम्ही?" "मीच. गोदावरी हरिश्चंद्र शेट्ये. आणि मला कुणी परत आणलं नाही. माझ्या पायांनी उतरले. पळाले पण नाही. पळणाऱ्याचं तोंड पुढं असतं, माझं मागं होतं." "मागं?" डॉक्टरीणबाईंनी नकळत विचारलं, आणि गप्प राहिल्या. खऱ्या गप्प राहिल्या. मग गोदाबाईनं सांगितलं. कठडा, भोंगा, ताटासारखा फिरणारा डोंगर. हातवारे करत, मधेच कोचावरून उठत, काशीरामाची नक्कल करत. घर सापडेना तिथे तिचा श्वास खरोखरच अडकला, आणि लाल ठिपक्यापाशी ती जी हसली ती हसतच सुटली. डॉक्टरीणबाईंचा चहा निवला. "अहो, मी इतकी वर्षं इथून बोटी बघत होते," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही." त्या आवाजात बिचारी कुठे उरली नव्हती. दारात हौसा येऊन उभी राहिली होती, चौकटीला लाल हात लावून. ती बोटं आता भिंतीवर उमटणार हे गोदाबाईला दिसलं आणि तिनं हटकलं नाही.

"मावशी," विमला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं हे गोदाबाईला कळलं. "मावशी, माझं चुकलं असेल. पण मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. शपथ. नाव कुणाला सांगायचं नाही हा आमचा नियमच आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"त्रास होऊ नये म्हणून?" गोदाबाई उठली. तिचा चेहरा तापून तांबडा झाला होता आणि ती विशीतल्या पोरीसारखी धापा टाकत होती. "नाव गाळलंस, म्हणजे माझं बोलणं बेवारशी केलंस. मग कुणीही यावं आणि वाटेल तिकडे वळवून न्यावं. खालचं वर आणलंस ते पटकन. आता ह्या वैनी तुझ्या कानात जे सांगत होत्या, ते माझ्या अंगणात येऊन हौसाला सांगितलं असतंस काय? नसतंस. बघ, नसतंस. रडू नको. वाईट नाहीस तू. पण मघापासून शब्द शोधत्येय तुझ्यासाठी, आणि चोर म्हणावं तर तेही जमत नाही गो. चोर परवडला. त्याला निदान ठाऊक असतं, वस्तू दुसऱ्याची आहे."